तेरावा रुबा

हसबल्ला मापाडी होता. पस्तीस वर्षं त्यानं गावोगावच्या राशी मोजल्या, आणि मोजताना तो कधी चुकला नाही. नाईलच्या त्या काठावरच्या सात-आठ गावांत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. भावाभावांत वाटणी असली की लोक म्हणत, हसबल्लाला बोलवा, म्हणजे निदान मापावरून तरी डोकी फुटणार नाहीत.

तूबा महिन्यात, ऐन थंडीत, गहू अजून गुडघाभर हिरवा असताना, त्याचा एकुलता एक मुलगा दियाब तीन दिवसांच्या तापात गेला. हसबल्ला रडला नाही. रडणं त्यानं ठरवून टाळलं, असंही नाही. लोक आले, बसले, कडू कॉफी पिऊन गेले. त्यानं प्रत्येकाचा हात हातात घेतला आणि सोडला. पुढे गहू पिवळा पडला, कापणी झाली, मळणी झाली. तो इतरांच्या खळ्यांवर गेला आणि मोजून आला. हात आपलं काम करत होते. त्याची बायको वहीबा ताटात जे वाढेल ते तो खायचा. मीठ जास्त झालं का कमी, हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

मुलगा जन्मला त्या दिवसापासून गाव त्याला अबू दियाब म्हणत होतं, दियाबचा बाप, आणि वहीबाला उम दियाब. मुलगा गेला म्हणून गाव असली हाक बदलत नाही. पण घरात ती दोघं एकमेकांना हाक मारेनाशी झाली. वहीबाला तो हवा असला की ती खोकायची, नाहीतर भांडं वाजवायची. त्याला ती हवी असली की तो नुसता दारात येऊन उभा राहायचा.

दियाबनं पेरलेला गहू हसबल्लानं कापून घेतला. जमीनमालकाचा हिस्सा खळ्यावरूनच गेला. उरलेली रास बारा दिवस खळ्यावर होती. रोज सकाळी जाऊन तो ती बघून यायचा. राशीच्या अंगावर चहूबाजूंनी त्याचा लाकडी शिक्का दाबलेला होता. दाण्यांत उमटलेली अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण कुणी हात घातला असता तर ती मोडलेली त्याला लगेच दिसली असती. खळ्याची रीत होती ती. राहणाऱ्या राशीवर शिक्का मारायचा, जाणाऱ्या राशीवर मारायचा नाही. शिक्का नसलेली रास म्हणजे पोत्यांत भरायची रास.

ही रास वाटायची होती. सून नबविया हिची इद्दत, नवऱ्यामागं पाळायची चार महिने दहा दिवसांची मुदत, बऊना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात संपत होती. त्याच दिवशी तिचा भाऊ झनाती तिला न्यायला येणार होता. दियाबला भाऊ असता तर त्याच्याशी लग्न लावून ती याच घरात राहिली असती. तेवीस वर्षांची बाई दोन म्हाताऱ्यांच्या घरात बसवून ठेवायची नाही, असं झनातीनं ठरवलं होतं, आणि ठरवायचा हक्क त्याचाच होता.

प्रश्न नवाराचा होता. नवारा म्हणजे दियाबची मुलगी, सहा वर्षांची.

झनातीनं हसबल्लाला आठवडाबाजारात गाठून सांगितलं होतं, "अबू दियाब, बहीण माझी आहे, तिला मी नेणार. पोर तिच्या धान्यासकट आली तर येऊ दे. रिकाम्या हातानं मी घेणार नाही. घरात पाच तोंडं आहेत. आणि माझी बायको कशी आहे, ते तुला तीन तासांच्या वाटेवरूनसुद्धा ऐकू येत असेल."

"येतं," हसबल्ला म्हणाला.

"मग झालं तर."

नवाराचं धान्य कुणाच्या कणगीत पडायचं, हे हसबल्लाच्या हातात होतं. बाप नसलेल्या पोरीच्या मालाची राखण आजोबाकडे, असं शेख मबरूकनं सांगितलं होतं. शेख मबरूक मशिदीत मुलांना शिकवायचा आणि गावातल्या वाटण्यांना बसायचा. "तुझ्या कणगीत ठेवलंस तरी कुणी बोट दाखवणार नाही," तो म्हणाला होता. "पोरीबरोबर पाठवलंस तरी नाही. तिचं तिच्याच पोटात जातंय एवढं बघ."

म्हणजे सगळं सरळ होतं. धान्य ठेवलं तर पोर राहणार, धान्य गेलं तर पोर जाणार.

आदल्या दिवशी दुपारी वहीबानं भाकऱ्यांचे गोळे थापून उन्हात फुगायला मांडले आणि हात न पुसताच ती बोलायला लागली. हाक नाही, काही नाही. पाठ त्याच्याकडे होती.

"ठेवून घे."

हसबल्ला मापं पुसत होता. त्यानं मान वर केली नाही.

"ऐकतोयस का? धान्य ठेवून घे. धान्य राहिलं की पोर राहते. झनातीला दोन शिव्या देऊ दे, त्याच्या शिव्यांनी कणगीला भोक पडत नाही. माझ्या घरातून एक गेलं. दुसरं मी उंटावर बसवून देणार नाही."

"बरं," हसबल्ला म्हणाला.

"बरं म्हणजे ठेवणार?"

"बरं म्हणजे ऐकलं."

वहीबानं एक गोळा परत उचलून थापला. तो आधीच थापलेला होता.

आतल्या खोलीत नबविया गाठोडं बांधत होती. भिंत मातीची, दार नावाला. तिला सगळं ऐकू गेलं असणार. थोड्या वेळानं ती पाण्याची सुरई घेऊन बाहेर आली आणि सासऱ्यापुढे ठेवून उभी राहिली. चार महिन्यांत ती आवश्यक तेवढंच बोलली होती. आवश्यक असं फारसं काही नव्हतंच.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही ठेवून घेतलंत तर मी काही बोलणार नाही."

"हं."

"तिला रात्री पाय चोळल्याशिवाय झोप येत नाही. आईंना सांगून ठेवते."

तिचा आवाज, विहिरीवर कुणाची पाळी आहे हे सांगताना असतो, तसा होता. ती आत गेली. हसबल्लानं पाणी प्यायला घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

नवारा मात्र मापांपाशी बसून होती. तीन मापं, कैला, रुबा आणि कदह, एकात एक बसायची; अर्देब नुसता हिशेबाचा, त्याचं माप नसायचं. लाकडाची, लोखंडी पट्ट्यांची, दियाबच्याही आधीपासूनची. धुळीची रास करून ती मोजत होती. मोजायला तिला बापानं शिकवलं होतं, आणि बापाला हसबल्लानं. त्यामुळे ती खळ्यावर मोजतात तशीच मोजायची. एक म्हणायचं नाही, अल्ला एकच म्हणायचं. साताचं नाव घ्यायचं नाही, बरकत म्हणायचं. आठाला अमानत. आणि पुढचं माप भरेपर्यंत आधीचा आकडा गात राहायचा, म्हणजे तो विसरत नाही आणि मध्ये कुणी दुसरा घुसवत नाही.

"सहा, सहा, सहा, सहा," नवारा म्हणत होती. "बरकत, बरकत, बरकत."

"अर्देबात कैले किती?" हसबल्लानं विचारलं. का विचारलं, त्याला कळलं नाही. रोज विचारायचा म्हणून असेल.

"बारा."

"कैल्यात रुबे?"

"दोन."

"रुब्यात कदह?"

"चार. आणि अर्देबात कदह शहाण्णव. ते तुम्ही विचारणार होतात."

"अर्धा कदह हवा असला तर?"

सगळ्यांत लहान माप म्हणजे कदह, ओंजळी भरून आठ-दहा बसतील एवढं. नवारानं ते धुळीनं काठोकाठ भरलं आणि दोन्ही हातांनी हळूहळू तिरकं केलं. धूळ काठावरून सांडत गेली. तळाची कड उघडी पडली तशी ती थांबली.

"तळ दिसला की थांबायचं," ती म्हणाली. "उरलं ते अर्धं."

"कुणी शिकवलं?"

"बाबांनी. तुम्हाला पण बाबांनीच शिकवलं का?"

"हो," हसबल्ला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आधीच झनाती आला. एक उंट, दोन गाढवं, आणि घडी घातलेल्या पोत्यांचा ढीग. पोती पाहून हसबल्लाला कळलं की झनाती पोरीचंही धान्य धरूनच आलाय. शेख मबरूक काठी टेकत आला आणि खळ्याच्या कडेला खाटेवर बसला. वहीबा आणि नबविया बांधाशी बसल्या, दोघींच्या मध्ये नवारा. आजूबाजूच्या खळ्यांवरचे चार-सहाजण हातातलं काम सोडून आले. हसबल्ला स्वतःच्या मुलाची रास मोजणार, हे बघण्यासारखं होतं.

"कैला घे ना," झनाती म्हणाला. "मोठं माप, पटकन उरकेल. उंटाला माश्या खातायत."

"उंटाची वाटणी आहे का?" हसबल्ला म्हणाला.

बघे हसले. झनातीही हसला. "तसं नाही. पण रुब्यानं मोजायला दुपार होईल."

"सुनेचे अर्देबामागं तीन रुबे. तीन रुब्यांचे कैले किती होतात?"

झनातीनं बोटांवर मोजलं. "दीड."

"तो अर्धा कैला तू डोळ्यानं मोजणार का?"

"मोज बाबा रुब्यानं. उंट मरू दे."

शेख मबरूकनं घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. वाटणी चोवीस भागांची. अर्देबात रुबे चोवीस, तेव्हा एक भाग म्हणजे अर्देबामागं एक रुबा, डोकं शिणवायला नको. एकच मुलगी, तिला निम्मे, म्हणजे बारा. बायकोला आठवा हिस्सा, तीन. आईला सहावा, चार. बापाला सहावा, चार.

"झाले तेवीस," तो म्हणाला. "उरला एक. मुलगा असता तर तो त्याच्याकडे गेला असता, तेरावा. मुलगी आहे, म्हणून तो वळून बापाकडे येतो. म्हणजे अबू दियाबचे पाच."

"बघा," झनाती बघ्यांकडे तोंड करून म्हणाला, पण ऐकवलं हसबल्लाला. "माझ्या भाचीनं पोरगा व्हायला काय हरकत होती? एका रुब्यानं चुकली."

"तुझी आई पोरगा झाली असती तर आज इथं शांतता असती," शेख मबरूक म्हणाला. "गप बस. मापाड्याला सुरुवात करू दे."

हसबल्लानं राशीभोवती फिरून शिक्के पाहिले. सगळे शाबूत होते. मग त्यानं चप्पल काढली, पूर्वेकडे तोंड करून राशीशी गुडघे टेकले आणि रुब्याचं माप पुढे ओढलं. दोन्ही हातांनी कवळून दाणे मापात ओढायचे, वर शीग येऊ द्यायची, मग कोपरापासूनचा हात काठावरून फिरवून शीग मोडायची. माप हलवायचं नाही, गुडघ्यानं दाबायचं नाही. हलवलेलं माप जास्त गिळतं. आणि आकडा उच्चारून माप ज्या ढिगावर ओतलं, ते त्या ढिगाचं झालं. परत घ्यायचं नाही. मोजणी चालू असताना मापाड्याशी कुणी बोलत नाही, आणि बोललं तरी मापाडी उत्तर देत नाही. सलामसुद्धा घेत नाही.

"अल्ला एकच, अल्ला एकच, अल्ला एकच," हसबल्ला गायला लागला.

पोरीचा ढीग पहिला. गहू चांगला होता. दाणा टपोरा, रंग लालसर. दियाबनं बी शेजारच्या गावातून आणलं होतं, डोक्यावरून. हसबल्लाच्या मनात हे येऊन गेलं, जसं खळ्यावरून पाखरू जातं. त्याच्या मागं काही आलं नाही.

"सहा, सहा, सहा. बरकत, बरकत, बरकत."

बांधाशी नवारा ओठ हलवत होती.

"अकरा, अकरा, अकरा. बारा, बारा, बारा, बारा."

बारावं माप ओतलं गेलं. आता माप सुनेच्या ढिगाकडे वळायला हवं होतं. हसबल्ला बारा बारा म्हणत राशीत हात घालत होता. हातांनी दाणे ओढले, शीग मोडली, माप उचललं आणि पोरीच्याच ढिगावर ओतलं.

"तेरा," तो म्हणाला.

बांधाशी नवाराचे ओठ थांबले.

पस्तीस वर्षांत हे झालं नव्हतं. हसबल्लानं स्वतःचा आवाज ऐकला. तेरा. त्याला वाटलं, आता काहीतरी वाटेल. लाज तरी, भीती तरी. पायाला मुंग्या आल्यावर तो पाय जसा दुसऱ्याचा वाटतो, तसा तो आकडा समोर पडला होता. तो तसाच वळला आणि सुनेच्या जागेवर माप ओतलं.

"अल्ला एकच, अल्ला एकच."

"अबू दियाब," झनाती म्हणाला. तो भांडायच्या तयारीनं आला होता, पण जास्तीचं मिळेल हे त्यानं धरलं नव्हतं. "अरे, तेरा ओतलेस तू."

हसबल्ला मोजत राहिला. सुनेचे तीन. मग वहीबाचे चार. मग स्वतःचे. अल्ला एकच, दोन, तीन, चार. तिथं तो थांबला. चोवीस रुबे झाले होते. एक अर्देब पुरा झाला होता. एकही रुबा कमी नाही, एकही जास्त नाही.

बघ्यांतला एकजण हळूच म्हणाला, "म्हातारा खचला. पोरगा आहे का पोरगी, ते विसरला."

"खचला असता तर बेरीज चुकली असती," दुसरा म्हणाला.

शेख मबरूकनं काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. "त्याच्याच वाट्यातून गेला," तो म्हणाला. "ज्याचं त्यानं दिलं. माझ्या दाढीचा केस वाकडा होत नाही."

दुसरा अर्देब सुरू झाला. आता सगळे ऐकत होते. दहा, अकरा, बारा. बारावर हसबल्ला थोडा जास्त वेळ राहिला. बारा, बारा, बारा, बारा, बारा. वहीबानं बांधावरून त्याच्या पाठीकडे पाहिलं. चाळीस वर्षं ती ती पाठ बघत आली होती.

"तेरा," हसबल्ला म्हणाला.

तिसऱ्या अर्देबालाही तेरा. चौथा अर्देब संपता संपता रास संपली. जमिनीवर उरलेले दाणे त्यानं हातानं सारले आणि नेहमीप्रमाणे पाखरांसाठी सोडून दिले. मापाड्याला अर्देबामागं एक कदह मिळायचा, रीतीनं. शेख मबरूकनं कदहाच्या मापाकडे बोट दाखवलं. हसबल्लानं मान हलवली. या राशीतून त्याला माप नको होतं.

चार ढीग झाले. एक मोठा, एक लहान, दोन सारखे.

"आता सांग," शेख मबरूक म्हणाला. "पोरीचा ढीग कुठं पडायचा?"

नबविया जमिनीकडे बघत होती. झनाती पोत्यांपाशी उभा होता आणि पोत्यांना हात लावत नव्हता. वहीबाचे दोन्ही हात मांडीवर होते, पालथे.

हसबल्लानं कमरेचा शिक्का काढला. आधी तो वहीबाच्या ढिगापाशी गेला आणि चारी बाजूंनी शिक्का दाबला. मग स्वतःच्या ढिगावर दाबला. मग नवाराच्या ढिगापाशी आला आणि उभा राहिला. किती वेळ, ते कुणी मोजलं नाही. उंटानं मान झटकली, त्याच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज झाला. हसबल्लानं शिक्क्याला चिकटलेले दोन दाणे नखानं काढून त्या ढिगावर टाकले, शिक्का परत कमरेला खोवला आणि मापं गोळा करायला लागला.

ढीग बिनशिक्क्याचा राहिला.

वहीबा उठली. झनातीला वाटलं, आता ही तोंड सोडणार, आणि तो एक पाऊल मागं सरला. ती त्याच्यासमोरून गेली, पोत्यांच्या ढिगातलं वरचं पोतं उचललं, झटकलं, उलटं करून शिवण बघितली.

"ही पोती आहेत का चाळण्या?" ती म्हणाली. "वाटेभर सांडत जाशील. थांब, माझं एक आणते." ते तिनं आणलं, आणि मग नवाराच्या ढिगाशी बसून पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं. "भर. बघत काय बसलास?"

झनातीनं भरायला सुरुवात केली. बराच वेळ तो खाली मान घालून भरत होता. मग म्हणाला, "उम दियाब, पोरीला माझ्या घरात कुणी वाकडं बोलणार नाही."

"तुझी बायको बोलेल," वहीबा म्हणाली. "पण ही स्वतःचं खात असेल. स्वतःचं खाणाऱ्याला बोललेलं कमी लागतं."

निघायच्या वेळी नवारा आजोबापाशी आली. तिला उंटावर बसायचं होतं, पण आधी एक गोष्ट निकाली काढायची होती.

"आजोबा, तुम्ही चुकलात. शेखनी बारा सांगितले होते. मी मोजत होते."

"हो का?"

"चारदा चुकलात."

"चारदा एकसारखं चुकता येतं का?"

तिनं विचार केला. "नाही."

"मग जा. मामा थांबलाय."

नबविया त्याच्यासमोर आली, वाकली आणि त्याच्या हाताला तिनं ओठ लावले. त्यानंही तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला, कॉफी प्यायला आलेल्या लोकांचे हात सोडले होते तसाच. उंट उठला. नवारा वरून हसली, मग दोन्ही हातांनी खोगीर धरून गप्प झाली. कालव्याच्या बांधावरून ती सगळी बरीच दूरपर्यंत दिसत होती. हसबल्ला बघत उभा राहिला नाही. त्याला आपले दोन ढीग कणगीत टाकायचे होते.

घरी आल्यावर वहीबानं खजुराच्या बियांचा डबा काढला. मोठे हिशेब ती बियांवर करायची. अंगणात उन्हाची पट्टी होती तिथं बसून तिनं बिया मांडल्या, उचलल्या, परत मांडल्या.

"बारांनी मोजलं असतं," ती म्हणाली, "तर मायलेकींचे मिळून साठ रुबे होत होते. दोनशे चाळीस कदह. दोघींना तीन दिवसांत दोन कदह लागतात, मी रोज काढून देत होते, मला माहीत आहे. म्हणजे तीनशे साठ दिवस."

हसबल्ला कणगीचं झाकण ओल्या मातीनं लिंपत होता.

"वर्षाला पाच दिवस कमी पडत होते. मळणी लांबली तर आणखी. त्या दिवसांत तिला झनातीच्या बायकोच्या कणगीत हात घालावा लागला असता." तिनं आणखी चार बिया मांडल्या. "तेरांनी मोजलं म्हणून सोळा कदह वाढले. तीनशे चौऱ्याऐंशी दिवस. आता नाही घालावा लागणार."

"हं."

"तू हा हिशेब केला होतास?"

हसबल्लानं मातीचा हात पाण्यात बुडवला. "नाही," तो म्हणाला. मग झाकणाची कड सारवत म्हणाला, "हातांनी केला असेल."

"आपले दोघांचे बत्तीस रुबे. एकशे अठ्ठावीस कदह. रोज अर्धा धरला तर दोनशे छप्पन्न दिवस. पुढचं तुझ्या मापाच्या मजुरीवर."

"होईल."

"होईल. न होऊन सांगतंय कुणाला?"

तिनं बिया डब्यात भरल्या, जात्यापाशी जाऊन बसली आणि खोकली. त्याला कळलं, दळणाचे दाणे हवेत. ताप येण्याआधीच्या दिवसांत हे कदहाचं माप दिवसातून दोनदा भरायचं. त्यानं कणगीच्या खालच्या तोंडातला बोळा काढला, माप काठोकाठ भरलं आणि हात फिरवून शीग मोडली.

"अल्ला एकच," तो म्हणाला.

पण एक नको होता. अर्धा हवा होता. त्यानं माप दोन्ही हातांत धरून हळूहळू तिरकं केलं. दाणे काठावरून टोपलीत पडत गेले. तळाची लाकडी कड दिसली. तिथं थांबायचं होतं. तो थांबला नाही. माप कलतच गेलं, दाणे सरत गेले, तळ सगळा उघडा झाला, शेवटचे चार दाणे पडले, तरी त्यानं ते रिकामं माप तसंच तिरकं धरून ठेवलं होतं.

वहीबा परत खोकली. मग तिनं जात्याचा खुंटा सोडला.

"अबू दियाब," ती म्हणाली.

चार महिन्यांत त्या घरात ती हाक झाली नव्हती. हसबल्लाचे हात खाली आले. माप मांडीवर टेकलं.

"काय?"

"परत भर. मी बघते, तळ कधी दिसतो ते."

त्यानं माप परत भरलं. ती उठून त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि दोघं मापात बघू लागली.